तीन घरं, तीन विहिरी

“अठ्ठावीस!”

कोडं सांगून मी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. तीस हात खोल विहीर, तळाशी बेडूक. दिवसा तीन हात चढतो, रात्री दोन हात घसरतो, तर काठावर यायला त्याला किती दिवस लागतील? काविळीनं अंथरुणाला खिळले होते तेव्हा हे कोडं मी जपून ठेवलं होतं. तीन महिन्यांनी कामावर परतायचं तर रिकाम्या हातानं कशी जाऊ? सगळ्याजणी ‘तीस’ म्हणणार आणि मग मी हसणार, असा माझा बेत होता.

“तीसच की गं,” वत्सला म्हणाली. “दिवसाला एकच हात पडतो ना त्याच्या पदरात?”

“न्हाई वत्सलाक्का. अठ्ठाविसाव्या दिवशी त्यो काठावर आला, की परत घसरतोय कशाला? उडी मारून जाईल की आपल्या घरला.”

सगळ्या हसल्या. वत्सला सगळ्यांत जास्त. आणि हे बोलणारी कोण, तर माझ्या चार नंबरच्या बोर्डावर, माझ्या खुर्चीत, मी हातानं शिवलेल्या उशीवर बसलेली एक सावळी, लांब वेणीची मुलगी.

“अगं, उत्तर असं मोठ्यानं सांगायचं नसतं. कोडं घालणारीच्या कानात सांगायचं,” वत्सला तिला म्हणाली. मग माझ्याकडे वळून, घरच्या पोरीची चूक पोटात घालावी तशा आवाजात म्हणाली, “नवी आहे गं, कुंदे. पद्मजा मगदूम. नांदणीची. शिकेल हळूहळू.”

मला त्या मुलीचा तिथल्या तिथे राग आला. तिचं नावसुद्धा नुकतं कुठं माझ्या कानावर पडलं होतं.

ही अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. सांगलीहून बाहेरगावी फोन करायचा तर लोक आमच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये नंबर नोंदवायचे आणि आम्ही सात-आठ बायका कानाला हेडफोन लावून, बोर्डावरच्या भोकांत दोऱ्यांचे प्लग खुपसून गावाला गाव जोडून द्यायचो. सकाळी हळदीच्या पेठेचे कॉल सुरू झाले की मान वर करायला सवड नसे. दुपारी दोन ते चार मात्र पेठ जेवून लवंडलेली असायची. त्या दोन तासांत आम्ही कोडी घालायचो.

नुसत्या सांगलीतच नाही. लाइन मोकळी असली की कऱ्हाड, सातारा, कोल्हापूर अशी कोडी फिरायची. आम्ही एकमेकींना गावाच्याच नावानं हाक मारत असू. सातारा म्हणजे एक किनरा आवाज, कऱ्हाड म्हणजे बारमाही सर्दी झालेली कुणी बाई. चेहरे कुणाचेच ठाऊक नव्हते. “हां सांगली, कालचं सुटलं का?” असं सातारा विचारायची, तेव्हा ती सांगली मी असायची. हे मी मुद्दाम सांगते आहे.

कारण हा खेळ माझा. नियमही मीच केलेले. कोडं एकीला उद्देशून घालायचं. उत्तर कानात सांगायचं. नाही सुटलं तर आमच्याकडच्या जुन्या रीतीप्रमाणं ‘गाव द्यायचं’, म्हणजे हरले म्हणून कबूल व्हायचं. एक्स्चेंजात त्याचा अर्थ असा, की जे गाव दिलं त्या गावचे जिंकणारीचे सगळे कॉल दुसऱ्या दिवशी हरणारीनं लावायचे. मिरज दिलं तर काहीच नाही, पण मुंबई दिली तर घसा बसायचा. गाव घेतलं की घालणारीनं उत्तर हरणारीच्या कानात सांगायचं, आणि मग ते उत्तर तिच्या मालकीचं. ती चारचौघींत सांगो, न सांगो. आणि सगळ्यांत मोठा नियम हा, की ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही ते कोडं घालायचं नाही. बिनउत्तराचं कोडं घालणं म्हणजे पत्ते खेळताना एक्का पदराखाली दडवणं.

वत्सला म्हेत्रे तीन नंबरच्या बोर्डावर बसायची, मी चारवर. सहा वर्षं. तिला एक सवय होती. लाइनवर काही गंमत ऐकू आली, कुणी नवरा बायकोला चळाचळा कापत सबबी सांगताना सापडला, की ती पेन्सिलनं माझ्या बोर्डाच्या कडेवर दोनदा टक् टक् करायची. म्हणजे, कान दे. चोरून ऐकायची अर्थात मनाई होती. त्या दोन टकटकींसाठी मी तापातसुद्धा कामावर आलेली आहे. माझं लग्न ठरून मोडलं होतं, घरी वहिनीचं राज्य होतं. मला जगात हक्काचं असं एक माणूस होतं आणि ते तीन नंबरवर बसत होतं. कुणाला हसू येईल, पण तसं होतं खरं.

आणि आता मला सात नंबर मिळाला होता, खिडकीशी, पार दुसऱ्या टोकाला. तिथून मला पेन्सिल ऐकू यायची. टक् टक्. मग दोघींच्या माना जवळ यायच्या आणि खांदे हलायचे. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात. माझी उतरली होती, असं डॉक्टर म्हणत होते.

मी खोड्या काढून पाहिल्या. आमच्या भागातल्या बायका बोलताना ‘मी येते’ऐवजी ‘मी येतो’ म्हणतात, तशी तीही म्हणायची.

“येतो काय गं? मिशा फुटल्या का तुला?” मी एकदा सगळ्यांदेखत म्हटलं.

“फुटल्या तर बरं हाय की कुंदाक्का,” ती म्हणाली. “पगार तरी वाढंल.”

वत्सला खो खो हसली. खड्डा मी खणला होता आणि पडलेही मीच.

एका दुपारी कोल्हापूरनं एक कोडं पाठवलं. एका गावात एक बाई आहे. ज्या बायका आपली वेणी आपण घालत नाहीत, त्या सगळ्यांच्या वेण्या ती घालते, आणि फक्त त्यांच्याच घालते. तर तिची स्वतःची वेणी कोण घालतं? मी तासभर डोकं खाजवलं. तिनं स्वतःची घातली, तर ती आपली वेणी आपण घालणाऱ्यांतली झाली, मग तिला ती घालता येणार नाही. नाही घातली, तर तिला घालावीच लागणार.

“टक्कल असेल मेलीला,” वत्सला म्हणाली.

पद्मजा कॉल नोंदवायच्या तिकिटांचा गठ्ठा लावत होती. मान वर न करता म्हणाली, “असली बाईच नसणार त्या गावात.”

“नसणार कशी? कोड्यातच सांगितलंय ना, की आहे?” मी म्हटलं.

“कोडं घालणाऱ्यानं हाय म्हटलं, म्हणून ती असती व्हय, कुंदाक्का?”

कोल्हापूरनं लाइनवर टाळ्या वाजवल्या. बरोबर उत्तर तेच होतं. आणि मग ती कोल्हापूरची भवानी मला म्हणाली, “सांगली, ती नवी बाई हुशार आहे हं. उद्यापासून तिलाच लाइनवर देत जा.” मी प्लग असा उपटला, की दोरी फिरून माझ्याच कपाळावर बसली.

त्या रविवारी माझा मावसभाऊ बापू आला होता. इंजिनिअरिंगला होता तो. मी सहज म्हटलं, एखादं असं कोडं सांग की भल्याभल्यांना सुटू नये. त्यानं कागदावर वर तीन चौकोन काढले, खाली तीन गोल.

“ही तीन घरं, या तीन विहिरी. प्रत्येक घरातून प्रत्येक विहिरीवर वाट न्यायची. पण एक वाट दुसरीला कुठंच छेदता कामा नये.”

मी दोन तास बसले. आठ वाटा झक्क निघायच्या, नववी अडायची. पुन्हा वेगळ्या काढल्या, पुन्हा नववी अडली.

“हरले बाबा. सांग उत्तर.”

“उत्तर नाहीच, ताई,” बापू हसून म्हणाला. “कितीही आपटलंस तरी आठच. नववी निघूच शकत नाही. आमच्या सरांनी फळ्यावर सिद्ध करून दाखवलंय.”

मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. तेव्हाच मला माहीत होतं मी काय करणार ते. उगीच नंतर भूल पडली वगैरे म्हणणार नाही.

सोमवारी दोन वाजता मी सात नंबरवरून उठून तीन आणि चारच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

“पद्मजा, तुला कोडं घालते.”

“घाला की.”

मी कोड्याला जरा आपला मसाला लावला. तीन सख्ख्या जावा, तिघींची तीन घरं आणि शेतात तीन विहिरी. कुठल्या विहिरीचं पाणी कधी आटेल सांगता येत नाही, म्हणून प्रत्येकीला तिन्ही विहिरींवर जायची वाट हवी. पण जावाजावांचं भांडण असं, की एकीची वाट दुसरीच्या वाटेला आडवी जाता कामा नये. काढून दाखव नऊ वाटा.

“शनिवारपर्यंत मुदत,” मी म्हटलं. “आणि गाव मी आधीच मागून ठेवते. हरलीस तर चार नंबर द्यायचा.”

आजवर कुणी असलं गाव मागितलं नव्हतं.

“चार नंबर? खुर्ची?” वत्सलानं कानावरचा हेडफोन खाली केला. “अगं कुंदे, खुर्ची काय कोड्यात मागतेस? देशिंगकरबाईंना सांग, त्या देतील बदलून. नाहीतर हिला नुसतं विचार ना.”

देशिंगकरबाई आमच्या सुपरवायझर. दोघींची संमती असेल तर त्या बोर्ड बदलायला कधी नाही म्हणत नसत. पण विचारायचं म्हणजे, मला वत्सलाशेजारी बसायचं आहे, असं तोंडानं म्हणायचं. त्यापेक्षा मी विहिरीत उडी घेतली असती.

“खेळ म्हणजे खेळ,” मी म्हटलं. “घाबरत असेल तर तिनं तसं सांगावं.”

“उत्तर हाय ना पण याला?” पद्मजानं विचारलं. तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. तिचे डोळे मोठे होते, आणि त्यांत कसलाही डाव नव्हता.

“बापूनं माझ्यासमोर काढून दाखवलंय,” मी म्हटलं.

तिनं एक फुकट गेलेलं तिकीट उलटं केलं, कॉल नोंदवायचे ते छोटे कागद असायचे त्यांतलं, आणि घरं-विहिरी काढल्या. पाचेक मिनिटं ती पेन्सिल फिरवत होती. मग पेन्सिल थांबली. ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसली, मग एकदा माझ्याकडे, एकदा वत्सलाकडे. कागदाची घडी करून तिनं पोलक्यात खोचली.

“बरं,” ती म्हणाली. “शनवारी सांगतो.”

तो आठवडा माझ्या आयुष्यातला सुखाचा होता, हे सांगायची मला लाज वाटते, पण होता. कोडं लाइनवर पसरलं. कऱ्हाड शिंकत शिंकत वाटा काढत होती. सातारा म्हणाली, “सांगली, काय घातलंयस गं बाई! आमच्याकडे साहेबसुद्धा कागद घेऊन बसलेत.” कोल्हापूरनं तीनदा विचारलं, नव्या बाईला सुटलं का. मी म्हणायचे, “कसलं सुटतंय! आठ वाटांवर अडून बसलीय.” दर वेळी माझ्या पोटात कसं गार वाटायचं.

पद्मजा रोज दुपारी तिकिटाच्या पाठीमागं वाटा काढायची आणि मान हलवून कागद टोपलीत टाकायची. सगळ्या गेल्या की मी टोपलीतून ते कागद काढून बघायचे. रोज तेच चित्र. त्याच आठ वाटा, त्याच क्रमानं. मी मनात म्हणायचे, एवढी हुशार म्हणवते आणि घाण्याच्या बैलासारखी एकाच वाटेनं फिरते आहे. त्यापुढे माझं डोकं चाललं नाही. मत्सरानं माणूस मठ्ठ होतो, हे मला अनुभवानं ठाऊक आहे.

गुरुवारी वत्सला डबा घेऊन माझ्याकडे खिडकीशी आली. शेंगांची चटणी माझ्या पोळीवर वाढत हळूच म्हणाली, “सोड ना गं तिला. पोर जेवतसुद्धा नाही धड.”

“मी धरून ठेवलंय का? गाव द्यावं आणि मोकळं व्हावं.”

“तुला काय हवंय, कुंदे?”

मला काय हवंय ते माझ्यासमोर बसून मला चटणी वाढत होतं. मी म्हटलं, “काही नाही. मीठ जास्त झालंय चटणीत.”

शनिवार उजाडला. दोन वाजले, पेठ थंडावली. पद्मजानं हेडफोन काढून ठेवला, पदर खोचला आणि सगळ्यांसमोर सात नंबरपाशी आली.

“हरलो, कुंदाक्का. गाव दिलं.”

“कुठलं?” रीतीप्रमाणं विचारावं लागायचं.

“चार नंबर.”

कुणीतरी हळहळलं. मला वाटलं होतं, आता छातीत नगारे वाजतील. वाजलेही. आणि लगेच थांबले, कारण पद्मजा वाकली होती. तिनं वेणी बाजूला सारून कान माझ्या तोंडाजवळ आणला होता.

मी उत्तर सांगायचं होतं.

मी अगदीच तयारीशिवाय आले नव्हते. एक लबाडी योजून ठेवली होती: नववी वाट मधल्या घराच्या खालून भुयारानं न्यायची, असं सांगायचं. ती ‘हे कसं चालेल’ म्हणाली तर, ‘भुयार नको असं कुठं म्हटलं होतं?’ असं म्हणायचं. आठवडाभर घोकलं होतं ते. पण तिचा कान इतका जवळ आला. कानात साधी चांदीची रिंग होती, केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता. हॉलमधल्या सगळ्या आमच्याकडे बघत होत्या. वत्सला बघत होती. एक शब्द फुटेना. मी तिच्या कानात नुसता श्वास सोडत राहिले. पाच मोजेपर्यंत, कदाचित दहा.

“अगं बया!” पद्मजा एकदम सरळ झाली आणि कपाळावर हात मारून मोठ्यानं म्हणाली. “एवढं सोपं! ध्यानातच आलं न्हाई की माझ्या.”

सगळ्या हसल्या. “काय गं, काय? सांग ना!” म्हणून मागं लागल्या.

“छ्या! कुंदाक्कांचं कोडं हाय. सुटायचं असंल तर तुम्ही बी गाव द्या.”

ती चार नंबरवर गेली. खालून आपली पिशवी काढली, माझी उशी दोनदा झटकून नीट ठेवली, आणि येऊन सात नंबरवर बसली. मला तिच्या तोंडाकडे बघता आलं नाही. तिला ठाऊक होतं. मला ठाऊक होतं, की तिला ठाऊक आहे. हॉलमध्ये आणखी कुणालाही ते ठाऊक नव्हतं, आणि तिनं एक शब्द उच्चारला असता तर सोलापूरपासून पुण्यापर्यंत सांगलीचं हसं झालं असतं.

मी चार नंबरवर बसले. चारच्या सुमारास पेन्सिल वाजली, टक् टक्. मी कान दिला. कुणी म्हातारा मुलाला फोनवर गुळाचा भाव सांगताना मध्येच गाऊ लागला होता. वत्सला हसली. मीही हसले.

माणसाला वाटतं, गोष्ट इथे संपावी. तिची माफी मागावी, तिला मैत्रीण करावी. मी तसलं काही केलं नाही. उलट ती समोर असली की मला जास्तच जाच व्हायचा. जिचं देणं लागतो तिच्याकडे बघवत नाही, तसं. तिनं पुन्हा माझं एकही कोडं सोडवलं नाही. ऐकायची, हसायची, “मला न्हाई येत बाई” म्हणायची. वर्षभरात तिचं लग्न ठरलं, इचलकरंजीला. तिनं तिथल्या एक्स्चेंजात बदली मागून घेतली. निरोपाच्या दिवशी वत्सला ढसाढसा रडली. मी पेढे वाटले.

आणि इचलकरंजीची लाइन कुठल्या बोर्डावर होती? चार नंबरवर.

“हां सांगली, इचलकरंजी बोलतोय,” पहिल्याच आठवड्यात आवाज आला. “कुंदाक्का, बऱ्या हाय का? वत्सलाक्का कशा हायत?”

“बऱ्या आहेत.”

“त्यांना म्हणावं, पद्मजानं विचारलंय.”

“सांगते,” मी म्हटलं, आणि नंबर मागितला.

मी सांगितलं नाही. त्या दिवशी राहून गेलं, असं स्वतःला म्हटलं. दुसऱ्या दिवशीही राहून गेलं. वत्सला विचारायची, “पद्मजा येते का गं लाइनवर? काय म्हणते?” मी म्हणायचे, “कामात असते. नंबर देते आणि घेते.” पद्मजाला मुलगा झाला, ते तिनं मला लाइनवर सांगितलं, वत्सलासाठी बारशाचं बोलावणंही सांगितलं. मी दोन्ही गिळून टाकलं. हळूहळू वत्सलानं विचारायचं सोडलं. एकदा एवढंच म्हणाली, “माया लावावी आणि पोरीनं साधी आठवण ठेवू नये.” गावाला गाव जोडून द्यायचा सरकार मला पगार देत होतं, आणि तीन हातांवर बसलेल्या बाईला मी आठ वर्षं जोडून दिलं नाही.

सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये आमचे बोर्ड बंद व्हायचे ठरले. सोमवारपासून लोक आपले आपण नंबर फिरवणार होते. शेवटच्या शनिवारी दुपारी दोन वाजता हॉल सुना होता. आम्ही चौघीच उरलो होतो. वत्सला तीन नंबरवर चष्मा लावून जुनी तिकिटं बांधत होती. आता पेन्सिल क्वचितच वाजायची.

दिवा लागला. मी प्लग घातला.

“हां सांगली. इचलकरंजी.”

“बोला.”

“नंबर न्हाई. आज शेवटचा दिवस, म्हणून म्हटलं एक कोडं घालावं. घालू?”

“घाल,” मी म्हटलं.

“तीन जावा हायत. तीन घरं, तीन विहिरी.”

लाइनवर नुसती खरखर होती. नऊ वर्षांपूर्वी मी तिच्या कानात जे सोडलं, तेच आता माझ्या कानात येत होतं.

“पद्मजा,” मी शेवटी म्हटलं, “याला उत्तर नाही.”

“ठावं हाय की.”

“केव्हापासून?”

“त्याच दिशी. पाच मिन्टांत. आठ वाटा झाल्या की शेवटलं घर कोंडतंय, कसं बी फिरवा. तिकिटावर लिवून ठेवलं होतं मी.”

“मग आठवडाभर टोपलीत कागद कशाला टाकत होतीस?”

“लगेच हरलो असतो तर तुम्हांला बरं वाटलं असतं व्हय?” ती हसली. पोक्त बाईचं हसू होतं आता ते.

“आणि खुर्ची? खुर्ची का दिलीस मला?”

“तुम्हांला पायजे होती म्हणून. कुंदाक्का, एक विचारू? त्यासाठी कोडं कशाला घातलं तुम्ही? नुसती मागितली असती तरी दिली असती की मी.”

माझ्यासमोर बोर्डाची सगळी भोकं एकमेकांत मिसळली. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले होते, की मला दुसरी वाटच नव्हती.

“हरले,” मी म्हटलं. “गाव दिलं.”

“कुठलं?”

शेजारी पेन्सिल वाजली, टक् टक्. वत्सला चष्म्यावरून माझ्याकडे बघत होती. काय झालं, डोळ्यांत पाणी का, असं तिला विचारायचं होतं.

“जरा थांब,” मी लाइनवर म्हटलं. हेडफोन काढला आणि खुर्चीतून उठले.

“वत्सू, इकडे ये. इथे बस, माझ्या जागेवर. पद्मजा आहे लाइनवर. गेली आठ वर्षं ती रोज तुझी चौकशी करते आहे.”

वत्सला माझ्याकडे नुसती पाहत राहिली. मग हातातली तिकिटं तशीच खाली टाकून ती आली, माझ्या उशीवर बसली आणि तिनं हेडफोन कानाला लावला.

मी सात नंबरच्या खिडकीशी जाऊन बसले. तिथून दोघींपैकी एकीचंच बोलणं ऐकू येत होतं.